मावशीच्या पायांबद्दल जाहीर दुरुस्ती

माझ्या एका पत्रकावर सरकारने शब्दन् शब्द विश्वास ठेवला. असं एकदाच घडलं, आणि त्यामुळे माझ्या मावशीची तीनचाकी सायकल अडली.

मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर. बाबा नांदेडला शाळामास्तर होते. शाळा सुटली की सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून पत्रकं वाटत फिरायचे. कधी पाण्यासाठी, कधी शिष्यवृत्तीसाठी, कधी गायरानासाठी, कधी जयंतीच्या मिरवणुकीसाठी. उरलेली पत्रकं घरी यायची. माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं असायची आणि फडताळातल्या डब्यांखाली तीच अंथरलेली असायची. पोळी खाताना डब्याखालून 'जागे व्हा' डोकावायचं. पत्रकाविषयी बाबांचे दोन नियम होते. वाक्य छोटं लिहायचं आणि छापलेलं पत्रक कधी मागे घ्यायचं नाही. मागे घेतलं की समोरच्याला वाटतं आपण घाबरलो, असं ते म्हणायचे. समोरचा कोण, ते दर महिन्याला बदलायचं.

आई माझ्या लहानपणीच गेली. त्यानंतरच्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या मी मावशीकडे काढल्या, औशाजवळच्या तिच्या गावी. मावशी आईची धाकटी बहीण. काका गेलेले, मूलबाळ नाही. शेजारच्या खोलीत दीर-जाऊ राहायचे. मी कॉलेजात होते तेव्हा लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसाने दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. मावशी दुष्काळी कामावर जायची. पाझर तलावाची माती काढताना एक दिवस कड ढासळली आणि ती कमरेपर्यंत गाडली गेली. बायकांनी हातांनी माती उकरून तिला बाहेर काढलं. ती शुद्धीवर होती. तिची एकच तक्रार होती, की पायांवरची माती अजून कुणी का काढत नाही. माती केव्हाच काढून झाली होती.

बाबांनी हट्टाने तिला नांदेडच्या दवाखान्यात आणलं. बेंबीच्या खाली तिला काही कळत नव्हतं. सहा आठवडे तिचे पाय खाटेवर कुणीतरी विसरून गेलेल्या सामानासारखे पडून होते. मग एका सकाळी मी तिच्यावर चादर घालत होते, चादरीची कड तळव्याला घासली, आणि तिचा उजवा पाय गुडघ्यात वाकून वर आला आणि असा काही झाडला गेला, की स्टुलावरचा चहाचा पेला जमिनीवर गेला. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने हात जोडले.

"काय पडलं गं?" मावशीने विचारलं.

"तू पाडलास मावशी! तुझा पाय हलला!"

"मी न्हाई बाई. मी कवाची हितं गप पडून हाय."

हे वाक्य मी ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही. मी थेट छापखान्यात गेले. त्या रात्रीपर्यंतही मला थांबवेना. पत्रकाचा मथळा होता 'पाय जिवंत आहेत!' आणि खाली लिहिलं होतं: 'ज्या पायांना तुम्ही मेलेले ठरवले, त्या पायांनी आज व्यवस्थेला लाथ मारली आहे. हे पाय चालत येतील. चालत येऊन जाब विचारतील.' तळाशी मावशीचं नाव-गाव आणि माझं नाव होतं. बाबांनी पत्रक वाचून माझ्या डोक्यावर हात ठेवला. पाचशे प्रती आम्ही नांदेडच्या बसस्टँडवर वाटल्या. एक ओळखीचे कंडक्टर गठ्ठा घेऊन गेले आणि त्यांनी तो लोहा ते औसा प्रत्येक थांब्यावर थोडा थोडा सोडला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पत्रकाची घडी हातात घेऊनच वॉर्डात आले. हडकुळे, नेहमी अर्धवट झोप झालेले गृहस्थ.

"भाषा चांगली आहे," ते म्हणाले. "पण त्या चालणार नाहीत."

"पाय हलतात की!"

"काटा रुतला की पाय वर उचलला जातो. तो तुम्ही विचार करून उचलता का? पाय आधी उचलला जातो, 'आई गं' नंतर येतं. पाठीच्या कण्यात मज्जारज्जू असतो, तो असली कामं मेंदूला न विचारता खालच्या खाली उरकतो. मेंदू त्याला आवरत असतो, दिवसरात्र. अरे हळू, ती चादर आहे, विस्तव नाही. आता मावशींचा मज्जारज्जू मधेच चेंगरलाय. वरून आवरणं बंद झालं. म्हणून चादरीलासुद्धा लाथ."

"मग सहा आठवडे पाय गप्प का होते?"

त्यांनी जरा विचार केला. "तुमच्या मावशींचा जिल्हा नुकताच तुटून वेगळा झाला ना? वरचे हुकूम यायचे थांबले की खालची ऑफिसं आधी सुन्न बसतात. टपाल आलं तरी फोडत नाहीत. काही दिवसांनी मात्र कुणी दारातून नुसतं डोकावलं तरी दाणकन शिक्का मारतात. तसंच."

मावशी हे सगळं ऐकत होती. "म्हंजी पाय माजे, पर कारभार त्यांचा," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पाचशे प्रती तोवर वाटून झाल्या होत्या.

मावशीला गावी नेल्यावर खरी अडचण कळली. पायांची नव्हतीच ती. बेंबीच्या जरा वर, पोटाभोवती चार बोटं रुंद असा एक पट्टा तयार झाला होता. त्याच्याखाली काही कळत नव्हतं, त्याच्यावर सगळं पहिल्यासारखं होतं. त्या पट्ट्यावर मात्र लुगड्याचं सूत टेकलं तरी तिला निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. जखमेच्या काठावर असं होतं, असं डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं. तिथल्या पेशी इतक्या भेदरलेल्या असतात, की हलक्या स्पर्शाचीही आग लागल्याची वर्दी देतात. आता अडचण अशी, की माणसाला उचलताना सगळे कमरेलाच धरतात. परसाकडे न्यायचं, उन्हातून सावलीत घ्यायचं, अंघोळ घालायची, दर वेळी दीर आणि जाऊ दोन्हीकडून नेमके त्या पट्ट्याला धरून तिला उचलायचे आणि ती किंचाळायची.

"खालचं कायबी कळत न्हाई म्हनतीस," जाऊ म्हणायची, "मग दुखतंय कसं? नाटकं हैत नुसती."

मावशीने वाद घालायचं सोडलं. पाणी प्यायचंही सोडलं, म्हणजे कमी वेळा उचलावं लागेल. गावात टँकर तीन दिवसांनी यायचा, त्यामुळे तिचं कौतुक झालं. दुष्काळात पाणी वाचवणारी बाई म्हणून शेजारच्या बायका तिचं उदाहरण पोरींना द्यायच्या. तिचे ओठ तडकले होते आणि लोक तिला शाबासकी देत होते.

अशात बातमी आली, की नवा जिल्हा अपंगांना तीनचाकी सायकली वाटणार. हाताने दांडा फिरवला की चाक फिरतं. बाजेला टेकवून उभी केली की बूड सरकवत सरकवत आपलं आपण तिच्यात बसता येतं. कुणाच्या हाताचं काम नाही. मावशीने मला पत्र लिहिलं. तिच्या पत्रात सहसा आंब्याची, म्हशीची चौकशी असायची. या पत्रात एकच ओळ होती: 'ती गाडी मला पाहिजे.'

बाज टेंपोत टाकून आम्ही तिला लातूरला नेलं. ऑफिस कोणत्या खात्याचं होतं ते मी लिहीत नाही, कारण त्या दिवसांत त्यांनाही ते नीट ठाऊक नव्हतं. फलकावरचं जुन्या जिल्ह्याचं नाव रंगाने झाकलं होतं आणि उन्हात ते पुन्हा वर आलं होतं. तपासणीसाठी नेमलेले मोठे डॉक्टर अजून रुजू झाले नव्हते. एक नवशिके डॉक्टर होते, पण गुडघ्यावर मारायची हातोडी जुन्या जिल्ह्याच्या कपाटात राहिली होती. त्यांनी कारकुनाच्या टेबलावरचा लाकडी मुठीचा शिक्का उचलला आणि त्याने मावशीच्या गुडघ्याखाली टिचकी मारली.

पाय उसळला. शाईचा पॅड हवेत गेला आणि जाऊन भिंतीवरच्या नकाशाला लागला. नवा जिल्हा जांभळा झाला.

"अर्रर्र!" कारकून उठून उभा राहिला. "ह्या लंगड्या? मावशी, एवढ्या जोरानं तर मलाबी लाथ मारता येत न्हाई."

नवशिके डॉक्टर काही सांगू बघत होते, पण फॉर्मवर फक्त 'पायात हालचाल आहे काय? होय / नाही' एवढंच होतं. कारकुनाने 'होय'वर खूण केली आणि कंसात स्वतःच्या मनाने 'जोरदार' असं लिहिलं. मी भांडायला तोंड उघडलं, तर त्याने फाईलमधून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. माझं पत्रक. त्यावर आवक क्रमांक होता, गोल शिक्का होता, आणि 'हे पाय चालत येतील' या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ होती.

"तुमीच ल्हिलंय न्हवं, ताई? सरकार वाचत न्हाई, सरकार वाचत न्हाई, म्हून बोंब मारता. हे बगा. वाचलं."

"ते चुकलं होतं," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले.

"आदी पाय जिवंत म्हनता, मग मेलेत म्हनता. कंदी मेले? मदल्या तारखंचा दाखला आना."

"मी आत्ता अर्ज लिहून देते."

"अर्ज हातानं ल्हिलेला असतोय. ह्ये छापील हाय. छापलेलं खोडायला छापलेलंच लागतंय." हे त्याने अगदी आपुलकीने सांगितलं. त्याला माझी भाषा मनापासून आवडली होती, हे सगळ्यात वाईट.

टेंपोत मावशी आभाळाकडे बघत होती. औसा जवळ आल्यावर म्हणाली, "तुज्या अक्षरानं गाडी अडली माय. तुज्याच अक्षरानं सोडीव."

बाबांना मी सांगितलं तर ते ताडकन म्हणाले, "पत्रक मागे घ्यायचं नाही. लढू, मोर्चा काढू." मोर्चाचं सांगायला ते स्वतः मावशीच्या गावी गेले, मी बरोबर होते. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दाजी, मोर्चा नंतर काढा. आदी मला तेवढं उनातून सावलीत घ्या." बाबांनी वाकून दोन्ही हातांनी तिला कमरेला धरलं आणि उचललं. तिने जो आवाज काढला, त्याने पलीकडच्या दावणीतली म्हैस दावं तोडायला लागली. बाबांनी तिला सावलीत ठेवलं आणि स्वतःचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघत राहिले, जणू त्यांना काहीतरी लागलं असावं. पायाला गुदगुल्या झाल्यासारखे मावशीचे दोन्ही पाय मात्र मजेत थडथडत होते. परतीच्या बसमध्ये बाबांनी माझी वही मागून घेतली आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'जाहीर दुरुस्ती'.

पुढचं मी लिहिलं. दोन पानं लिहिली. त्यात षड्‌यंत्र होतं, मुजोर यंत्रणा होती, इतिहास होता. ते घेऊन मी पुन्हा गावी गेले आणि मावशीला वाचून दाखवलं.

"ह्याच्यात सरकार लई हाय," ती म्हणाली. "तूबी लई हायस. माजे पाय कुटं हैत?"

"खाली येतात. दुसऱ्या पानावर."

"पयल्या पानावर घे. ल्ही. पाय हालतात. मी हालवीत न्हाई."

ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. शेवटी निम्मं पानही भरलं नाही. 'मागील पत्रकात पाय जिवंत आहेत असे छापले होते. ते चुकीचे आहे. पाय हलतात, पण मावशी ते हलवत नाही. तिला ते थांबवताही येत नाहीत. पायांना विस्तव कळत नाही. पोटाला सूत टेकले तरी जळते. तिला उचलताना कमरेला धरू नये.' मला हे पत्रकच वाटेना. यात कुणाचा निषेध नव्हता, कुणाला आवाहन नव्हतं. छापखान्याच्या मालकांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"माझ्याकडं वीस वर्षांत लोकांनी लई चुका छापून घेतल्या, पोरी. पण चूक हाय म्हणून कुणी छापून घेतली न्हाई." मग म्हणाले, "टाईप मोठा घेतो."

आम्ही पुन्हा लातूरला गेलो तोवर ऑफिसात साहेब रुजू झाले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टेबल रिकामं, सगळ्या गोष्टी आजच निकाली काढायच्या असा चेहरा. माझी दोन्ही पत्रकं त्यांच्यापुढे शेजारी शेजारी ठेवली होती. या वेळी आणलेली नांदेडच्या डॉक्टरांची चिठ्ठीही होती, पण ती इंग्रजीत होती आणि साहेबांना पत्रकंच सोपी वाटत होती.

"या कागदावर पाय जिवंत आहेत, त्या कागदावर नाहीत. मी कोणतं धरू?"

"कागद सोडा सायेब," मावशी बाजेवरून म्हणाली. "पाय हितंच हैत. त्यांनाच इचारा."

"म्हणजे?"

"हुकूम करा. माजं तर ऐकत न्हाईत. तुमचं ऐकतात का बगा."

कारकून हसायला लागला, पण साहेबांना हुकूम करायचं सांगितलं की राहवत नसावं. ते उठून बाजेजवळ आले. "बाई, पाय हलवा," ते म्हणाले. मावशीने डोळे मिटून दातओठ खाऊन प्रयत्न केला. तिच्या मानेवरच्या शिरा फुगल्या. पाय गप्प. "उजवा हलवा!" पाय गप्प. "हलवा म्हणतो ना!" साहेबांचा आवाज चढला. दारात शिपाई, पलीकडच्या ऑफिसातले लोक, रांगेतली माणसं गोळा झाली. एक अख्खा जिल्हा दोन पायांना हुकूम देत होता आणि पाय बाजेवर निवांत पडून होते. मला हसू येत होतं आणि मी भीतीने गारठलेही होते, कारण आता एक माशी बसली असती तरी सगळं संपलं असतं.

माशी बसली नाही. पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरचा एक कागद उडाला, तरंगत खाली आला आणि मावशीच्या तळव्याला घासून गेला. पाय असा उसळला, की साहेब दोन पावलं मागे सरकले.

मला वाटलं, संपलं.

"बगा," मावशी म्हणाली. "माजं ऐकंनात, तुमचं ऐकंनात. कागुद दिसला की लगेच कामाला लागतात."

दारातली माणसं आधी हसली, मग शिपाई हसला, मग साहेबांनी खोकल्यासारखं काहीतरी केलं. ते खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी नांदेडच्या डॉक्टरांची चिठ्ठी पहिल्यांदाच नीट वाचली. मग माझं दुसरं पत्रक वाचलं. 'कमरेला धरू नये' इथे थांबून त्यांनी मावशीला विचारलं, "मग तुम्हाला उचलतात कसं?"

"कमरंलाच धरून," मावशी म्हणाली.

साहेबांनी कारकुनाला मंजूर लिहायला सांगितलं. कारकून पेन धरून बसून राहिला. "सायेब, रकान्यात काय ल्हू? हालचाल आहे काय, असं इचारलंय."

"आहे ना हालचाल. खोटं कसं लिहिणार?"

कारकुनाने बराच विचार केला. मग स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहिलं: 'आहे, परंतु बाईची नाही.' मी इतकी पत्रकं वाचली, इतकी लिहिली. इतकं नेमकं वाक्य माझ्या हातून कधी उतरलं नाही, हे मला आजही मान्य करायला जड जातं.

सायकली वाटायचा समारंभ महिन्याने झाला, लातूरला, भर दुपारी, एका मैदानात. सायकली ओळीने उभ्या होत्या. पाहुणे खादीतले, उत्साही. प्रत्येकाला त्यांनी स्वतः उचलून सायकलीत बसवायचं आणि फोटो काढायचा, असं ठरलं होतं. आमची पाळी आली तेव्हा पाहुण्यांनी गळ्यातला हार काढून कुणाकडे तरी दिला, बाह्या सारल्या आणि मावशीच्या कमरेकडे हात नेले.

"हात लावू नका," मावशी म्हणाली.

"अहो, लाजता काय? मी तुमच्या भावासारखा."

"भाऊ असला तरी न्हाई."

फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून उभा होता. मी सायकल बाजेला टेकवली आणि बाजूला झाले. मावशीने दोन्ही तळहात बाजेच्या कडेवर रोवले आणि बोटभर सरकली. थांबली. पुन्हा बोटभर. घाम तिच्या हनुवटीवरून टपकत होता. मधेच पाय सायकलीच्या पत्र्याला लागले आणि थाडथाड झाडायला लागले. पाहुणे मागे सरले. मावशी हात रोवून तशीच थांबून राहिली. बैठकीत कुणी मधेच बोलायला लागलं की शहाणं माणूस त्याचं संपेपर्यंत थांबतं, तशी. पायांचं संपलं. ती पुन्हा सरकली. माइकवर कुणीतरी म्हणत होतं, की वेळेअभावी कार्यक्रम आटोपता घ्यावा. पाहुण्यांचा हार धरलेला माणूस उन्हात डुलत होता. शेवटी तिने एका हाताने सीटची मागची कड धरली, अंगाला एक हिसका दिला, आणि ती बसलेली होती.

तिला कुणीही शिवलं नव्हतं.

टाळ्या वाजल्या. पाहुण्यांनी फोटोसाठी दांड्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला, पण तिने तो आधीच फिरवायला घेतला होता. सायकल जागच्या जागी वळली, कारण चाक कुणीतरी आडवं करून ठेवलं होतं. तिने ते सरळ केलं. मी सवयीने मागे जाऊन सीटला ढकलायला हात लावला.

"हात काढ," मावशी म्हणाली.

मी काढला. खुर्च्यांच्या दोन रांगांमधून वाट अरुंद होती आणि लोकांना पाय वर घ्यावे लागत होते. ती कुणाला सरका म्हणाली नाही. नुसती येत राहिली, आणि लोक आपोआप पाय उचलत गेले.